वंशावळीबाहेरच्या लेकी

आमच्या घराण्याची वंशावळ हातभर रुंदीच्या एका लांब, जाड कागदावर मोडीत लिहिलेली आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला आपला तळ कायमचा केला आणि त्या तळाचेच पुढे लश्कर हे शहर झाले. त्याच सुमारास आमचे मूळ पुरुष साताऱ्याकडून इकडे आले, असे कागदाच्या माथ्यावर नोंदलेले आहे. माफीच्या जमिनीच्या एका दाव्यात हक्क दाखवण्यासाठी पणजोबांनी ती नकलनवीसाकडून तयार करवून घेतली होती. जमीन गेली, कागद राहिला. इतिहासात एम.ए. करताना मी मोडी शिकले तेव्हा तो पहिल्यांदा पूर्ण वाचला आणि सात पिढ्यांची नावे ओळीने लागली याचा मला फार अभिमान वाटला. त्या सात पिढ्यांत एकही स्त्री नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आले नाही. ज्यांना केवळ मुलीच झाल्या अशा दोघांच्या नावांपुढे 'निर्वंश' असा शेरा आहे. तोही मी मुकाट्याने वाचला आणि पुढे गेले.

सहा वर्षांपूर्वी दादाला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला आणि तेव्हापासून तो शेरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दादा तेव्हा ४८ वर्षांचा होता. त्याआधीचे नऊ महिने तो नुसता थकत होता. चिटणीस की गोठमधल्या आमच्या जुन्या घराचा जिना चढताना मधेच कठड्याला धरून उभा राहायचा आणि आम्ही त्याला वजन कमी कर म्हणून सांगत असू. हिमोग्लोबिन सातवर आले होते. ज्या डॉक्टरांकडे तो जात असे त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, मग इंजेक्शने दिली, रक्त थोडे वर आले की समाधान मानले आणि खाली गेले की पुन्हा गोळ्या दिल्या. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाच्या अंगातले रक्त जाते तरी कुठे, हा प्रश्न नऊ महिन्यांत कोणीही विचारला नाही. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. बाईचे रक्त कमी झाले तर पाळीकडे बोट दाखवता येते. पण पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या बाईचे रक्त उघड कारणाशिवाय कमी होत असेल, तर ते अन्नमार्गात कुठे तरी झिरपते आहे असे धरूनच शोध घ्यायला हवा. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात मळ अजून पातळ असतो, त्यामुळे तिथल्या गाठीने अडथळा येत नाही, बहुतेक वेळा दुखत नाही, आणि थेंब थेंब जाणारे रक्त मळात मिसळून डोळ्यांना दिसत नाही. दादाची गाठ तिथेच होती, लहान आतडे जिथे मोठ्याला मिळते त्या जागी.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आला, त्यात रोग आतड्याच्या भिंतीबाहेरच्या ग्रंथींपर्यंत पोहोचलेला नाही हे पहिल्या पानावर होते आणि ते वाचून आम्ही सगळ्यांनी हात जोडले. शेवटच्या पानावर आणखी दोन ओळी होत्या, त्यांचा अर्थ आम्हाला कळला नाही. गाठीच्या पेशींमध्ये एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही प्रथिने सापडली, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही सापडली नाहीत, एवढेच त्यात लिहिलेले होते. कर्करोगतज्ज्ञांनी मात्र आधी त्या ओळी वाचल्या आणि विचारले, "घर में और किसी को हुआ है?"

"किसी को नहीं," दादा म्हणाला.

तो खोटे बोलत नव्हता. त्याने मनातल्या मनात वंशावळीचा कागद उलगडला होता. बाबा ४१व्या वर्षी आग्रा रस्त्यावरच्या अपघातात गेले. आजोबा ५२व्या वर्षी संग्रहणीने गेले, असे घरात सांगत. काका ७८ वर्षांचे असून आजही सकाळी महाराज बाड्यापर्यंत चालून येतात. यादी संपली. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, "बुआ? बुआ के बच्चे?" त्यावर दादाने माझ्याकडे पाहिले.

इंदूरची आत्या गेली तेव्हा मी सातवीत होते. ती ४७ वर्षांची होती. मोठी माणसे दबक्या आवाजात 'तिच्या अंगावर जात होते' म्हणत आणि आम्ही मुली जवळ आलो की विषय बदलत. रुग्णालयाच्या व्हरांड्यातूनच मी आतेबहिणीला फोन लावला. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "आईला पिशवीचा कॅन्सर होता गं. बाबांनी कोणाला सांगू नका म्हटलं होतं, आमची दोघींची लग्नं व्हायची होती." त्यानंतर तिने सांगितले की दोन वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत गाठ निघाली होती आणि एका बाजूचे मूत्रपिंड नळीसकट काढावे लागले. तेही तिने आम्हाला कळवले नव्हते. मोठे आतडे, गर्भाशय, मूत्रवाहिनी अशा तीन निरनिराळ्या अवयवांचे हे तीन आजार आम्ही तीन निरनिराळी दुर्दैवे समजत होतो. डॉक्टरांनी ते एका कागदावर चौकोन आणि वर्तुळे काढून मांडले, चौकोन पुरुषाचा आणि वर्तुळ स्त्रीचे, आणि बाबांचा चौकोन मधे रिकामा ठेवला. अपघाताने आमच्या साखळीतला मधला दुवा आधीच मुका केला होता.

एकाच घराण्यात वारशाने असे निरनिराळे कर्करोग होण्याच्या या प्रकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्याचा इतिहास मी नंतर वाचला आणि त्याची सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून झाली, हे वाचून मला गहिवरून आले. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे कपडे शिवणारी पॉलिन ग्रॉस १८९५ साली त्यांना म्हणाली की आमच्या घरातली माणसे पोटाच्या, आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, आणि मीही तशीच लवकर जाणार. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे मनावर घेतले. तिने नात्यागोत्यातून एकेकाची माहिती मिळवून त्यांना दिली आणि १९१३ साली त्यांनी ती 'जी' कुटुंब या नावाने प्रसिद्ध केली. ती स्वतः १९१९ साली गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. पुढे नेब्रास्कातले हेन्री लिंच यांनी १९६६ साली अशाच दोन मोठ्या कुटुंबांची मांडणी केली. कर्करोग रक्तातून येतो या म्हणण्यावर त्या काळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता, तरी ते गावोगाव जाऊन कुटुंबांच्या नोंदी घेत राहिले. वॉर्थिन यांची जुनी टिपणेही त्यांच्याकडे आली आणि १९७१ साली त्यांनी 'जी' कुटुंबाचा पुढच्या पिढ्यांपर्यंतचा वृत्तान्त छापला. एमएसएच-२ हे जनुक १९९३ साली सापडले, आणि २००० साली त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या कुटुंबात नेमका याच जनुकात बिघाड असल्याचे दिसून आले. १०५ वर्षांपूर्वी एका बाईने आपल्या माणसांची मरणे मोजून जे सांगितले होते, त्याची खूण तेव्हा सापडली.

हे जनुक करते काय, हे समजून घेताना मला माझी मोडी उपयोगी पडली. जुन्या दफ्तरांत मूळ कागदाची नक्कल झाली की दुसरा कारकून ती मुळाशी ताडून पाहत असे. त्याला रुजवात म्हणत. नक्कल करणाराची चूक बहुधा कुठे होते, हे ज्याने जुने कागद हाताळले आहेत त्याला ठाऊक असते. तीच तीच अक्षरे पाठोपाठ आली की डोळा घसरतो आणि एखादे अक्षर गळते किंवा दोनदा पडते. पेशी विभागते तेव्हा तिला सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या दोन संचांची नक्कल करावी लागते, आणि तिचीही चूक अशाच पुनरुक्तीच्या जागी सर्वाधिक होते. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही दोन प्रथिने जोडीने त्या नकलेवरून फिरतात, अक्षर अक्षराशी जुळले नाही अशी जागा हेरतात, आणि तिथे एमएलएच-१ व पीएमएस-२ यांच्या जोडीला बोलावून चुकलेला तुकडा कापून नव्याने लिहवून घेतात. पेशीतली ही रुजवात कशी चालते हे उलगडून दाखवल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक आणखी दोघांबरोबर मिळाले. आता एमएसएच-२ नसेल तर त्याच्या आधाराने टिकणारे एमएसएच-६ही नाहीसे होते, आणि दादाच्या अहवालातल्या त्या दोन ओळींचा अर्थ एवढाच होता की त्याच्या गाठीतल्या दफ्तरात रुजवात करणारे कोणी उरले नव्हते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला मला बराच काळ लागला. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. बिघडलेली एक प्रत घेऊन जन्मलेल्या माणसाच्या प्रत्येक पेशीत दुसरी चांगली प्रत काम करतच असते, म्हणून तो धडधाकट असतो. मात्र पुढे एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली, की त्या पेशीच्या वंशात चुका साचू लागतात. मोठ्या आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. जिथे इतक्या नकला होतात तिथे हा धोका जास्त असणार हे उघड आहे. म्हणजे वारशाने कर्करोग येत नाही, कर्करोगाला अडवणाऱ्या दोन पहारेकऱ्यांपैकी एक आधीच गैरहजर असतो. एमएसएच-२ मध्ये बिघाड असलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश ते निम्म्या माणसांना वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, असे सध्याचे अंदाज सांगतात. बाकीच्यांना तो होतही नाही, पण त्यांची मुले तो धोका घेऊन जन्मू शकतात. प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

मुलगा असो की मुलगी, हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलीचे गोत्र लग्नात बदलते, आडनाव बदलते, पूर्वी तर नावही बदलत असत. जनुकाला यातले काही कळत नाही. आजोबांच्या बहिणी, त्यांच्या मुली, त्या मुलींची मुले अशी अर्धी माणसे ज्या धाग्याने आमच्याशी बांधलेली आहेत, तो धागा आमच्या वंशावळीने पहिल्याच पायरीवर कापलेला होता. घरातल्या ज्या बायका नवऱ्याच्या आधी गेल्या त्यांचे श्राद्ध आम्ही अविधवा नवमीला करतो, पण त्या आमच्या सुना. त्यांचे रक्त निराळे. आमच्या लेकींची अविधवा नवमी दुसऱ्यांच्या घरी होत होती, इंदूरला, देवासला, बडोद्याला, आणि आम्ही ती कधी मोजली नाही.

जनुकांच्या सल्लागार बाईंनी आम्हाला तीन पिढ्यांची पूर्ण माहिती आणायला सांगितले: कोणाला काय झाले, कितव्या वर्षी झाले, कोण कशाने गेले. मी काकांकडे गेले. त्यांनी देवघराच्या फडताळातून आजोबांची तर्पणाची वही काढून दिली. सर्वपित्रीच्या महालयात आई-वडील आणि आजे-पणजे यांच्याबरोबर काका, मामा, भाऊ, बहीण, मुलगी, आत्या, मावशी या सगळ्यांना पाणी द्यायचे असते, म्हणून त्यांची नावे आणि गोत्रे लिहून ठेवावी लागतात. सरकारदरबारी दाखवायच्या कागदावर ज्यांना जागा नव्हती, त्या सगळ्या लेकी या वहीत होत्या. आजोबांच्या दोन बहिणी होत्या, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. एकीच्या नावापुढे काश्यप आणि दुसरीच्या नावापुढे भारद्वाज असे सासरचे गोत्र होते आणि आजोबांच्या बारीक अक्षरात 'बडोदें' व 'देवास' ही गावे होती. आजोबा स्वतः ५२व्या वर्षी गेले. म्हणजे त्यांनी या दोघींची नावे तर्पणात लिहिली, त्याअर्थी त्या त्यांच्याही आधी, बहुधा तरुणपणीच गेल्या असणार. बाळंतपणात बायका जात असत, तापाने जात असत, हे मला माहीत आहे, आणि वहीत मरणाचे कारण लिहीत नाहीत. तरी देवघरासमोर बसून ती दोन नावे वाचताना मला काकांकडे पाहवेना.

काकांनी मग स्वतःहून एक गोष्ट सांगितली. आजोबा गेल्यावर घरात एवढी माणसे तरणीताठी का जातात म्हणून कोणी पत्रिका दाखवली आणि सगळे कुटुंब त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून आले. काका तेव्हा शाळेत होते. ओला पंचा नेसून बाबांच्या शेजारी बसल्याचे त्यांना आठवते. मी त्या विधीला हसणार नाही. हे घराण्यात उतरत आलेले आहे, पूर्वजांकडून येते आहे आणि त्यावर सगळ्यांनी मिळून काही तरी करायला हवे, इतके त्या माणसांनी अचूक ओळखले होते. त्यांच्या हाताशी जे होते ते त्यांनी केले.

माझ्या हाताशी दुसरे काही होते, आणि तरीही ते नातेवाइकांना सांगणे मला फार जड गेले. काकू म्हणाल्या, "तू आता घरोघर अपशकुन वाटत फिरणार का?" एका चुलतभावाने फोन ठेवून दिला. दुसऱ्याने दादा बाहेरचे फार खायचा, नया बाजारातल्या कचोऱ्या त्याला भोवल्या, असे ठामपणे सांगितले. आहाराचा आणि या रोगाचा संबंध आहेच. दारू, तंबाखू, लठ्ठपणा, प्रक्रिया केलेले मांस यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि हा कर्करोग होणाऱ्या बहुसंख्य माणसांत एखाद्या जनुकाचा असा ठळक वारसा नसतोच. १०० रुग्णांत सुमारे तिघांना लिंच सिंड्रोम असतो. पण त्या तिघांपैकी एक आपल्या घरात असताना कचोरीवर बोट ठेवणे म्हणजे बाकीच्या घराला अंधारात ठेवणे होते. वहिनीने तर सहा महिने स्वतःला दोष दिला होता, आपल्या फोडणीत तेल जास्त पडते म्हणून. सल्लागार बाईंनी तिला समोर बसवून, तुमच्या स्वयंपाकाचा यात काही दोष नाही, असे स्पष्ट सांगितले तेव्हा ती सगळ्यांसमोर रडली.

या वारशाचे आणखी प्रकार आहेत, त्यांचा उल्लेख करून ठेवते, कारण एखाद्या वाचकाच्या घरात तो निराळा प्रकार असू शकेल. पाचव्या गुणसूत्रावरच्या एपीसी जनुकात बिघाड असला तर किशोरवयापासूनच आतड्यात शेकडो, कधी हजारो मोड (अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठी, पॉलिप) येतात आणि आतडे वेळेवर काढले नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. म्हणून त्या घरातल्या मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून करतात. अशा रुग्णांपैकी पाचात एकाहून अधिक जणांत हा बिघाड नव्याने झालेला असतो, आई-वडिलांत तो नसतो. एमयूटीवायएच या जनुकाचा प्रकार याहून वेगळा, त्यात आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, असे मला वाटते.

दादाच्या रक्ताची तपासणी झाली आणि एमएसएच-२ मधली नेमकी चूक सापडली. एकदा ती सापडली की बाकीच्या नातेवाइकांत सगळी जनुके धुंडाळावी लागत नाहीत, तेवढी एकच जागा पाहावी लागते; खर्च पुष्कळ कमी होतो आणि उत्तर स्वच्छ मिळते. ज्याच्यात ती चूक नाही, त्याचा धोका चारचौघांएवढाच. घरातल्या आजारी माणसाची तपासणी आधी का करायची, याचे कारण हेच आहे. आजारी माणसात काय आहे हे माहीत नसताना निरोग्याच्या तपासणीत काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ लावता येत नाही.

मी तपासून घेतले. उत्तर यायला चार आठवडे लागणार होते आणि ते दिवस डिसेंबरचे होते. ग्वाल्हेरचे धुके सकाळी दहापर्यंत उठत नव्हते. माझे आणि माझ्या धाकट्या बहिणीचे उत्तर एकाच दिवशी आले. तिच्यात चूक नव्हती, माझ्यात होती. ती मला मिठी मारून रडू लागली, आणि मीच तिची समजूत घालत राहिले की यात तू काही चोरलेले नाहीस. आजही ती माझ्या तपासणीच्या दिवशी पुण्याहून येते आणि कारण विचारले तर ग्वाल्हेरची आठवण आली म्हणते.

पुढचे निर्णय मला त्या मानाने सोपे गेले. या जनुकाच्या बायकांमध्ये गर्भाशयाचा धोका जवळजवळ आतड्याइतकाच असतो आणि बीजकोशाच्या कर्करोगाला वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही. मुले झालेली असल्याने मी ४५व्या वर्षी दोन्ही काढून घेतले. आत्या याहून दोनच वर्षांनी मोठ्या वयात गेली होती. आतड्याची दुर्बीण दर वर्षी होते. साध्या मोडाचे कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात, लिंचमध्ये ते एक ते तीन वर्षांत होऊ शकते, म्हणून दहा वर्षांनी एकदा ही सर्वसाधारण शिफारस आमच्या कामाची नाही. आधीचे दोन दिवस मऊ भात आणि ताक, मग फक्त पातळ पदार्थ, आणि रात्री व पहाटे ते खारट पाणी लिटरच्या मापाने प्यायचे. ते पाणी मला अजून सोसत नाही. पण दुसऱ्या वर्षी माझ्या आतड्यातून आठ मिलिमीटरचा एक मोड त्याच बैठकीत काढून टाकला, आणि तो ज्या दिशेने निघाला होता ती दिशा मला दादाच्या अहवालावरून ठाऊक होती. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांतल्या २५२ माणसांवर १५ वर्षे लक्ष ठेवून २००० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत दर तीन वर्षांनी दुर्बीण करणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी होते आणि त्यांच्यातले कोणीही या रोगाने दगावले नव्हते. न करणाऱ्यांतले नऊ जण दगावले होते. मी रोज ॲस्पिरिन घेते, तीही डॉक्टरांशी बोलून. इंग्लंडमधल्या जॉन बर्न यांच्या नेतृत्वाखाली लिंच असलेल्या ८६१ माणसांवर झालेल्या प्रयोगात रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किमान दोन वर्षे घेतल्याचा फायदा पुढे कित्येक वर्षे टिकलेला दिसला. ज्यांना रक्तस्रावाचा त्रास आहे त्यांनी हे वाचून परस्पर गोळी घेऊ नये.

दादाला किमोथेरपी लागली नाही. अशा गाठी त्या टप्प्यावर नेहमीच्या औषधाला फारसा प्रतिसाद देत नाहीत आणि एरवीही पुन्हा उलटण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी असते. ज्या चुकांनी गाठ होते त्याच चुकांमुळे तिच्या पेशी इतक्या परक्या दिसू लागतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना ओळखते. या तत्त्वावरच्या औषधाला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली, आणि ती कुठल्या अवयवाचा कर्करोग हे न पाहता गाठीतली रुजवात बिघडलेली आहे की नाही, एवढ्यावर दिलेली होती. दादाला ते लागू नये, पण लागलेच तर आहे, याचा मला आधार वाटतो.

सर्वांत अवघड होता दादाच्या मुलीचा प्रश्न. ती आज २६ वर्षांची आहे. घरात तिची सोयरीक ठरत आलेली असताना तिने स्वतःहून तपासणी केली आणि तिच्यात चूक निघाली. वहिनीचे म्हणणे होते, लग्न होईपर्यंत गप्प राहावे. दादा काहीच बोलेना. मला आत्याच्या यजमानांचे शब्द आठवत होते, कोणाला सांगू नका, मुलींची लग्ने व्हायची आहेत. त्या न सांगण्याने लग्ने झाली खरी, आणि त्या न सांगण्यामुळेच दादा नऊ महिने लोहाच्या गोळ्या खात राहिला, माझी आतेबहीण एक मूत्रपिंड गमावून बसली. पोरीने आमच्यापैकी कोणालाही न विचारता त्या मुलाला सगळे सांगितले. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून पत्रिका जमत नसल्याचा निरोप आला. मी त्या माणसांना वाईट म्हणू शकत नाही, पण त्या रात्री मी जेवले नाही. ती मात्र दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आणि पुढच्या महिन्यात तिने आयुष्यातली पहिली दुर्बीण करून घेतली. दर वर्षी ती आणि मी एकाच दिवशी वेळ घेतो, म्हणजे खारट पाणी एकत्र पिता येते.

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. या तपासण्या सज्ञान झाल्यावर, स्वतःच्या इच्छेनेच करायच्या असतात. त्याला सगळे सांगितलेले आहे, कुठल्या वयापासून दुर्बीण सुरू करायला हवी तेही सांगितलेले आहे, आणि २५च्या आत त्याने ठरवावे अशी माझी फार इच्छा आहे. मी रोज विचारत नाही. दारात बूट काढताना तो थकलेला दिसला की मात्र माझा जीव जिन्यावर थांबलेल्या दादापाशी जातो.

नवी वंशावळ मी चित्रकलेच्या मोठ्या कागदावर केली आहे आणि तिची प्रत जी कुटुंबे घेतील त्यांना पाठवते. 'निर्वंश' शेऱ्याच्या त्या दोघा पुरुषांच्या मुलींची नावे मला मिळालेली नाहीत. त्यांच्याखाली मी रिकामी वर्तुळे काढून ठेवली आहेत. देवासच्या शाखेचा पत्ता आतेबहिणीच्या ओळखीतून लागला आणि तिथल्या तिघांनी तपासणी केली, दोघांत चूक नाही. बडोद्याची शाखा काही केल्या सापडत नव्हती. काश्यप गोत्र आणि एका बाईचे नाव, एवढ्यावर ७०-८० वर्षांपूर्वीचे घर शोधायचे होते. दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने चार-पाच घरांत विचारून पाहिले, माझा फोन नंबर ठेवून दिला, आणि त्याला दीड वर्ष झाले.

गेल्या भाद्रपदात, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून एक बाई अडखळत, गुजराती वळणाच्या मराठीत बोलत होत्या. त्यांची पणजी ग्वाल्हेरची होती, एवढे त्यांना ठाऊक होते. माहेरचे आडनाव त्यांनी सांगितले ते आमचे होते. त्यांच्या आईला चार महिन्यांपूर्वी आतड्याचे काही तरी निघाले आहे आणि डॉक्टर विचारत आहेत, घरात आणखी कोणाला होते का.

मी त्यांना थांबायला सांगितले, कागद जमिनीवर पसरला आणि आजोबांच्या बहिणीच्या वर्तुळाखाली पेन्सिलीने एक रेघ खाली ओढली.

"तुमच्या आईंचं वय किती?" मी विचारले. "आणि त्यांना भावंडं किती?"